पिकअपच्या मॅनिफोल्डचे गॅस्केट पुन्हा पुन्हा का जाते : निदान आणि दुरुस्ती

वरुड तालुक्यातील आमच्या गावातून संत्र्याचे क्रेट नागपूरच्या कळमना बाजारात आणि हंगामात कापूस जिनिंगला पोहोचवणाऱ्या माझ्या डिझेल पिकअपच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळीचे) गॅस्केट, म्हणजे जोडातून धूर निसटू न देणारी पातळ चकती, १४ महिन्यांत तीन वेळा बदलावे लागले. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी दीड-दोन महिने बरी चालायची आणि मग एखाद्या सकाळी, गाडी सुरू करताच, बॉनेटखालून तोच फट्-फट् आवाज यायचा. चौथ्या वेळी मी गॅस्केट बदलण्याआधी ते का जाते याचा शोध घ्यायचे ठरवले. त्यानंतर आंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांची वाहतूक होऊन गेली, तरी ती जागा अजून स्वच्छ आहे. ज्यांच्या गाडीला हाच त्रास वारंवार होतो, त्यांच्यासाठी हा सगळा क्रम सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या भागात इंजिनापासून मागच्या नळीपर्यंतच्या सगळ्या भागांना सरसकट ‘सायलेन्सर’ म्हणतात. त्यामुळे ‘सायलेन्सर लीक आहे’ एवढेच सांगून गाडी सोडली, तर वेल्डिंग बहुधा मागच्या डब्यालाच होते. प्रत्यक्षात धूर इंजिनाच्या हेडमधून बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये येतो, तिथून टर्बोत (धुराच्या दाबाने फिरून इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या पंख्यात), टर्बोतून डाउन पाइपमध्ये, मग जाळीच्या लवचीक पाइपमधून धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात आणि शेवटी सायलेन्सरमध्ये जातो. यातला प्रत्येक जोड गळू शकतो आणि प्रत्येकाची लक्षणे थोडी वेगळी असतात. गळती टर्बोच्या आधी असेल, तर टर्बोला फिरवणारा दाबच कमी होतो, गाडीची ओढ घटते आणि चढावर काळा धूर दिसू लागतो. गळती टर्बोच्या नंतर असेल, तर आवाज आणि वास येतो, पण ओढ फारशी कमी होत नाही. माझी गाडी सातपुड्याच्या पायथ्याकडच्या चढावर भरल्या क्रेटांसह दुसऱ्या गिअरवर येऊ लागली होती. पूर्वी तोच चढ ती तिसऱ्या गिअरवर काढायची, म्हणजे गळती टर्बोच्या आधीची असणार हे तेव्हाच ओळखायला हवे होते.

दुसरी खूण आवाजाची. थंड गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे आवाज ठळक येतो आणि इंजिन तापले की तो दबतो किंवा नाहीसा होतो. बीड तापून फुगते आणि फट तात्पुरती बुजते, म्हणून असे होते. गॅरेजपर्यंत जाता जाता गाडी तापलेली असते आणि मिस्त्री प्रामाणिकपणे ‘आवाज तर नाही’ असे सांगतात. यावर उपाय एकच आहे : गाडी संध्याकाळी गॅरेजमध्ये नेऊन ठेवावी आणि सकाळी मिस्त्रींच्या समोर पहिल्यांदा सुरू करावी.

दुरुस्ती लांबणीवर का टाकू नये

मॅनिफोल्डची गळती म्हणजे केवळ कर्कश आवाज नव्हे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डिझेल इंजिनातून तो पेट्रोलच्या तुलनेत कमी निघतो हे खरे आहे, परंतु बंद केबिनमध्ये तासन्‌तास बसणाऱ्या माणसासाठी ‘कमी’ म्हणजे सुरक्षित नव्हे. गिअर लिव्हरचा फाटलेला रबरी बूट आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्याची उघडी राहिलेली भोके यांतून हा धूर आत शिरतो.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या दिवसांत माझा धाकटा भाऊ बाजारातून परतला की त्याचे डोके दुखायचे, चक्कर यायची आणि मळमळायचे. आम्ही सगळ्यांनी ऊन लागले असे समजून त्याला कैरीचे पन्हे दिले आणि सावलीत निजवले. उन्हाची आणि या वायूची लक्षणे इतकी सारखी आहेत की विदर्भाच्या उन्हाळ्यात हा गैरसमज कोणाचाही होईल. फरक ओळखण्याची एक साधी रीत आहे. गाडीतून उतरून मोकळ्या हवेत बसल्यावर तासा-दोन तासांत बरे वाटत असेल आणि गाडीत बसल्यावर पुन्हा तोच त्रास होत असेल, तर संशय धुरावर घ्यावा. त्रास जास्त असेल, तर तडक दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना गाडीच्या धुराविषयी आवर्जून सांगावे, कारण ते सांगितल्याशिवाय त्यांच्याही मनात उन्हाचाच विचार आधी येईल. ताडपत्रीखाली मजुरांना बसवून नेण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, ती मालवाहू गाडीत मुळातच बेकायदा आणि धोक्याची आहे. गळती असलेल्या गाडीत तर ती जिवावर बेतू शकते.

दुसरा धोका आगीचा आहे. सोयाबीनचे कुटार आणि कापसाचे पुंजके चेसिसच्या खाचांत, सायलेन्सरच्या वर जाऊन बसतात. कापूस एका ठिणगीने पेट घेतो आणि वरून काही न दिसता आतल्या आत बराच वेळ धुमसत राहतो. ज्या बीएस-६ (धुराच्या कडक मानकांच्या) गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ आहे, त्यांत ती काजळी जाळून टाकण्याच्या वेळी धुराचे तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. त्या वेळी एखाद्या जोडातून बाहेर पडणारा झोत कोरड्या कुटारावर आला, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

गळती नेमकी शोधणे

सुरुवात डोळ्यांनी करावी. इंजिन पूर्ण थंड असताना, मॅनिफोल्डवरचा उष्णतारोधक पत्रा काढून, बॅटरीच्या उजेडात हेड आणि मॅनिफोल्ड यांच्या जोडाची रेघ शेवटापर्यंत पाहावी. डिझेल गाडीत गळतीच्या जागी पंख्यासारखी पसरलेली काळी काजळी दिसते. माझ्या गाडीत ती केबिनच्या बाजूच्या शेवटच्या तोंडापाशी होती, आणि तीनही वेळा तिथेच होती. हीच गोष्ट आम्ही कोणी नीट विचारात घेतली नाही. गॅस्केट निकृष्ट असते, तर ते दर वेळी एकाच कोपऱ्यात का फाटावे?

काजळी स्पष्ट दिसत नसेल, तर कानाचा उपयोग करावा. ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीचा मीटरभर तुकडा घ्यावा, एक टोक कानाजवळ धरावे आणि दुसरे टोक इंजिन सुरू असताना जोडाच्या रेघेवरून हळूहळू फिरवावे. गळतीच्या जागी आवाज एकदम धारदार होतो. नळी पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर राहील आणि तापलेल्या बिडाला टेकणार नाही, याची काळजी घ्यावी.

सर्वांत खात्रीची चाचणी साबणाच्या पाण्याची आहे, आणि ती इंजिन बंद व थंड असताना करायची असते. मागच्या नळीत धूळ उडवण्याच्या ब्लोअरचे तोंड घालून भोवती चिंध्या दाबाव्यात, ब्लोअर चालू करावा आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी फवारावे. जिथून हवा निघते तिथे फेस उकळल्यासारखा वर येतो. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब मात्र लावू नये. फवारणीच्या पंपातून साबणाचे पाणी मारण्याचा मोह होतो, परंतु त्यात कीटकनाशकाचा अंश राहिलेला असतो आणि मॅनिफोल्ड तापल्यावर त्याची वाफ श्वासात जाते. त्यासाठी दहा-वीस रुपयांची वेगळी बाटली घ्यावी.

येथे एका चकव्याचा उल्लेख करायलाच हवा. इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) बुडाशी असलेला तांब्याचा वॉशर बसला नसेल, तर सिलिंडरमधला दाब तिथून निसटतो आणि हुबेहूब असाच आवाज येतो. त्या वेळी इंजेक्टरभोवती डांबरासारखी काळी चिकट राप जमते. तिथेही थोडे साबणाचे पाणी सोडून, इंजिन सुरू करून बुडबुडे येतात का ते पाहावे. टर्बोकडून इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी पाइप फाटला असेल, तरीही ओढ कमी होते आणि काळा धूर येतो, पण तो आवाज फट्-फट् असा नसून भार पडल्यावरच्या फुसकाऱ्यासारखा असतो. हे दोन्ही तपासल्याखेरीज मॅनिफोल्ड उघडू नये. पीयूसी प्रमाणपत्र ताजे आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये, कारण ती चाचणी मागच्या नळीतल्या धुराची असते आणि वाटेत कुठे काय निसटते हे तिला कळत नाही.

खरे कारण

आमच्या गावात एसटीच्या डेपोत नोकरी करून निवृत्त झालेले एक मिस्त्रीकाका राहतात. तिसरे गॅस्केट गेल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि आता अधिक भारी गॅस्केट कुठे मिळेल, असे विचारले. ते गाडीखाली शिरले, दहा मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, “गॅस्केट फाटत नाही भाऊ, ते फाडल्या जाते. कोण फाडते ते पाह्य आधी.”

त्यांनी दाखवलेली पहिली गोष्ट अशी, की डाउन पाइप गिअरबॉक्सला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी जागेवर नव्हतीच. पहिल्या गळतीच्या साधारण तीन महिने आधी मी क्लच प्लेट बदलून घेतली होती. गिअरबॉक्स उतरवण्यासाठी ही पट्टी सोडावी लागते, आणि त्या गॅरेजमध्ये ती परत लावायची राहून गेली. दोन बोल्टांची ती पट्टी नसल्यामुळे डाउन पाइप आणि त्यापुढच्या डब्याचा भार टर्बोवर आणि टर्बोमार्फत मॅनिफोल्डच्या मागच्या कोपऱ्यावर लटकत होता. पांदण रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात तो भार एखाद्या तरफेसारखा हिसका देत असे.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या फाउंडेशनची, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते त्यांची. एका बाजूचे रबर दबून चपटे झाले होते. हे पाहण्यासाठी बॉनेट उघडे ठेवून, जाणकार माणसाला गाडीत बसवून, हँडब्रेक व पायाचा ब्रेक घट्ट दाबून आधी पहिल्या आणि मग रिव्हर्स गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगावे आणि आपण गाडीच्या बाजूला उभे राहावे, समोर किंवा मागे कधीही नाही. निरोगी इंजिन थोडेसे कलते, माझे चांगलेच उसळत होते. तिसरी गोष्ट सायलेन्सर टांगून धरणाऱ्या मागच्या हँगरच्या रबरांची. दोनपैकी एक तुटलेले होते आणि डब्यावर काळ्या मातीचा जाड थर वाळून बसला होता. पावसाळ्यात आपली माती लोखंडाला कशी धरते हे वखर चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. मी खरवडून काढली तेव्हा दोन-तीन किलो तरी निघाली.

या तिन्हींत बिडाच्या स्वभावाची भर पडते. ४० सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ४०० अंशांनी तापला, तर लांबीत सुमारे पावणेदोन मिलिमीटर वाढतो. ज्या हेडला तो कसलेला असतो, ते हेड पाण्याने थंड राहत असल्यामुळे त्या मानाने फारच कमी वाढते. त्यामुळे मॅनिफोल्डची दोन्ही टोके दर तापण्या-निवण्यात हेडच्या तोंडावर सरकतात आणि टोकाच्या स्टडवर (हेडमध्ये बसवलेल्या, नट लावायच्या आट्यांच्या दांड्यावर) सर्वाधिक ताण येतो. वरून भार लटकत असेल, तर तुटणारा स्टड टोकाचाच असतो. माझ्या गाडीतला केबिनकडचा शेवटचा स्टड तुटलेला होता, आणि तिसऱ्या वेळी गॅस्केट घालताना तो तसाच ठेवून फटीत पेस्ट भरलेली होती. अशी पेस्ट टर्बोच्या आधीच्या जोडात कधीही भरू देऊ नये, कारण तिची खपली सुटून टर्बोच्या पात्यांवर आदळू शकते.

दुरुस्तीचा क्रम

बॅटरीची तार सोडल्याशिवाय कोणतेही वेल्डिंग करू नये, कारण आजच्या गाड्यांतले कंट्रोल युनिट त्या प्रवाहाने निकामी होऊ शकते. आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर मुरू द्यावे. नट उघडताना अडला, तर लांब पाइप लावून जोर करू नये. थोडे सोडावे, थोडे परत कसावे, पुन्हा तेल द्यावे. या कामात घाई केलेला प्रत्येक मिनिट पुढे अर्धा दिवस खातो.

तुटलेल्या स्टडचा तुकडा हेडच्या बाहेर थोडा जरी उरला असेल, तर त्यावर नट ठेवून नटाच्या पोटातून वेल्डिंग करावे, लाली जाईपर्यंत थांबावे आणि तापलेल्या आट्यांना मेणबत्तीचे मेण टेकवावे. मेण वितळून आत खेचले जाते. मग पान्याने मागे-पुढे करत तुकडा हळूहळू काढावा. माझा तुकडा दुसऱ्या प्रयत्नात निघाला. तो तोंडाच्या आत तुटला असेल, तर हाताच्या ड्रिलने प्रयोग न करता मशिनिंगवाल्याकडून मध्यबिंदू धरून काढून घ्यावा, कारण भोक तिरके गेले की हेडच उतरवावे लागते.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी वगळली जाते, आणि माझ्या मते पुन्हा गळती होण्याचे ते दुसरे मोठे कारण आहे. मॅनिफोल्डचे तोंड साफ करून त्यावर पोलादी सरळ पट्टी उभी धरावी आणि फटीत फीलर गेजची (फट मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पात्यांच्या संचाची) पाती घालून पाहावी. माझ्या मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला पाव मिलिमीटरची पाती सहज गेली, जी त्या गाडीसाठी दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होती. वाकलेल्या तोंडावर कितीही भारी गॅस्केट टिकणार नाही. अमरावतीला सरफेस ग्राइंडिंग करून सगळी तोंडे एकाच बैठकीत, एका पातळीत आणून घेतली. एकेक तोंड हाताने कानशीने घासण्याचा काही उपयोग होत नाही. हेडचे तोंडही याच पट्टीने तपासावे आणि बिडात केसासारखी तडा गेली आहे का, तेही पाहावे. तडा असेल, तर मॅनिफोल्ड बदलणेच योग्य, कारण बिडावरचे साधे वेल्डिंग या उष्णतेत फार काळ टिकत नाही.

स्टड आणि नट सगळे नवीन घ्यावेत. या जागेचे नट बहुधा घट्ट पकड धरणाऱ्या प्रकारचे असतात आणि एकदा उघडल्यावर त्यांची पकड जाते. गॅस्केट नवीन आणि कोरडे बसवावे. नट आधी सगळे हाताने लावावेत, मग मधल्यापासून दोन्ही टोकांकडे जात तीन फेऱ्यांत टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून कसणाऱ्या पान्याने) कसावेत. आठ मिलिमीटरच्या स्टडसाठी हा टॉर्क साधारणतः २० ते २५ न्यूटन-मीटर असतो, तथापि आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा हाच प्रमाण मानावा. आट्यांना कॉपर ग्रीस लावायचे की नाही, हेही त्याच पुस्तकात पाहावे, कारण कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क ग्रीस लावलेल्या आट्यांवर दिला तर स्टडवर जास्त ताण येतो. ‘अजून एक हिसका’ देण्याच्या सवयीनेच पुष्कळ स्टड तुटतात.

मॅनिफोल्ड कसला जाईपर्यंत डाउन पाइपचे बोल्ट सैल ठेवावेत. इंजिनाच्या फाउंडेशनची रबरे आणि मागचे हँगर आधी बदलून घ्यावेत, म्हणजे इंजिन आणि पाइप आपापल्या नैसर्गिक जागी येतील. मग पुढून मागे एकेक जोड कसत जावे आणि गिअरबॉक्सची पट्टी सर्वांत शेवटी लावावी. पाइप ओढून-ताणून पट्टीच्या भोकाशी आणावा लागत असेल, तर आधीच्या एखाद्या जोडात तिरकेपणा राहिला आहे असे समजून परत मागे जावे. आम्हाला नवी पट्टी मिळाली नाही, म्हणून मिस्त्रीकाकांनी जाड लोखंडी पट्टीतून मापाने ती घडवली. उष्णतारोधक पत्राही परत बसवावा. तो आवाज करतो म्हणून काढून टाकलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत. त्याच्या अभावी जवळच्या तारा आणि रबरी पाइप भाजून निघतात.

पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर थोडा धूर आणि तेलाचा वास येतो, तो आट्यांवरच्या तेलाचा असतो आणि अर्ध्या तासात जातो. त्यानंतर साबणाच्या पाण्याची चाचणी गाडी पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा करावी. गरम मॅनिफोल्डवरचे नट कधीही कसू नयेत, आणि चिखल धुण्यासाठी त्यावर थंड पाण्याची धार तर मुळीच मारू नये, कारण तापलेल्या बिडाला पाणी लागले की तडा जाते. नाल्यातून गाडी काढण्याआधी, लांबून भरून आलेली असेल तर, मी आता दहा-पंधरा मिनिटे ती उभी ठेवतो.

मिस्त्रीकाकांनी शेवटी प्रत्येक नटावर आणि शेजारच्या बिडावर मिळून पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली. नट सैल होऊन फिरला, तर रेघ तुटलेली दिसते आणि पाना न लावताही कळते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाडी थंड असताना, मी त्या रेघा, गिअरबॉक्सची पट्टी आणि मागचे दोन्ही हँगर पाहतो आणि चेसिसवरचे कुटार झाडून काढतो. या कामाला एकूण दहा मिनिटे लागतात. आजपर्यंत एकही रेघ सरकलेली नाही.